व्हिक्सबर्ग: सत्तेचाळीस दिवसांचा वेढा

व्हिक्सबर्गच्या जुन्या धक्क्यासमोरून आज याझू नदीचं पाणी वाहतं, तेही कालवा खोदून वळवून आणलेलं. मिसिसिपीने १८७६ मध्ये पात्र बदललं आणि या गावाकडे पाठ फिरवली. त्याच्या तेराच वर्षं आधी, तिच्या इथल्या वळणासाठी अमेरिकेच्या यादवी युद्धात हजारो माणसं पडली होती.

गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेचा हा नदीवरचा बालेकिल्ला. कड्यावरच्या तोफांच्या टप्प्यात खालचं सगळं पाणी. ते टाळायला उत्तरेचा, म्हणजे संघराज्याचा सेनानी युलिसिस ग्रँट याने समोरच्या काठाला कालवा खोदून पाहिला. नदीने दाद दिली नाही. अखेर १६ एप्रिल १८६३ च्या रात्री संघराज्याच्या आरमारातल्या डेव्हिड पोर्टरची जहाजं भडिमार झेलत गावाखालून निसटली. पलीकडच्या काठाने दक्षिणेला गेलेली फौज ३० एप्रिलपासून त्याच जहाजांतून अलीकडे उतरली.

ग्रँटची खरी करामत पुढे आहे. गड समोर असताना तो आधी पूर्वेला, जॅक्सन शहराकडे वळला. कुमकेची वाट मोडायची, मगच गडाला हात घालायचा. दाणागोटा बराचसा वाटेतल्या शेतांतून उचलला. सतरा दिवसांत पाच लढाया जिंकून त्याने जॉन पेंबर्टनला गावात कोंडलं. हा पेंबर्टन जन्माने उत्तरेतल्या फिलाडेल्फियाचा, लढला मात्र दक्षिणेकडून.

१९ आणि २२ मेचे हल्ले फसले. मग वेढा आवळला गेला आणि काम उपासमारीवर सोपवलं गेलं.

इथली माती वाऱ्याने आणून टाकलेली. कुदळीने सहज कापली जाते, तरी भिंतीसारखी उभी राहते. गावकऱ्यांनी तिच्यात गुहा खोदल्या, बिछाने-खुर्च्या आत नेल्या आणि तोफगोळ्यांखाली संसार केला. खेचराचं मांस ताटात आलं. कागद संपला तेव्हा ‘डेली सिटिझन’ हे स्थानिक वृत्तपत्र भिंतींना चिकटवायच्या नक्षीदार कागदाच्या कोऱ्या बाजूवर छापलं गेलं.

४ जुलैला सुमारे २९,५०० सैनिकांनी शस्त्रं खाली ठेवली.

१८९९ पासून हे रणांगण राष्ट्रीय उद्यान आहे. इलिनॉय राज्याच्या स्मारकाला सत्तेचाळीस पायऱ्या आहेत, वेढ्याच्या दर दिवसाला एक. पण पाय रेंगाळतात ते दफनभूमीत. संघराज्याच्या सुमारे १७,००० सैनिकांच्या कबरी इथे आहेत, त्यांत कृष्णवर्णीय सैनिक मोठ्या संख्येने. जवळपास १३,००० जणांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. त्यांच्या डोक्याशी गवतात रुतलेला, वीतभरही नसलेला चौकोनी दगड आणि त्यावर कोरलेला एक आकडा.