४८ तास काम केलं आणि शीट दाखवते ०:००? अप्रेंटिसशिपच्या तासांचा हिशोब मोबाइलवर

आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड झाला, अप्रेंटिसशिप लागली आणि रोज सकाळी नेकनूरहून एसटीने बीड गाठायचं सुरू झालं. मग पहिल्याच दिवसापासून तासांची नोंद स्वतःच्या फोनमध्ये ठेवा. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यानुसार प्रशिक्षणाची नोंद ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे, मान्य. पण ती वही त्याच्या टेबलावर असते, तुमच्या खिशात नाही.

वेगळं ॲप शोधत बसू नका, गूगल शीट्स पुरेसं आहे. एका दिवसाला एक ओळ: तारीख, आल्याची वेळ, सुटल्याची वेळ, जेवणाची सुट्टी, केलेलं काम. सुटल्याच्या वेळेतून आल्याची वेळ आणि सुट्टी वजा केली की दिवसाचे तास मिळाले. सुट्टी ०:३० अशी लिहा. नुसतं ३० लिहिलं तर शीट ते चक्क ३० दिवस धरते! एसटीतला वेळ यात घालायचा नाही.

आता खरी गोची. रोज ८ तास, ६ दिवस, म्हणजे ४८. पण बेरजेच्या चौकटीचा फॉरमॅट 'टाइम' असेल तर तिथे ०:०० दिसतं, आणि ४० तासांचे १६:०० होतात. कारण शीट त्याला घड्याळ समजते आणि घड्याळ २४ नंतर परत शून्यावर येतं. आतला आकडा बरोबरच असतो. ती चौकट निवडून नंबर फॉरमॅट 'ड्युरेशन' करा, ४८ दिसतील. फाइल ऑफलाइनसाठी सेव्ह करून ठेवा, म्हणजे रेंज नसली तरी नोंद अडत नाही.

माझ्या मते तासांपेक्षा 'केलेलं काम' हा रकाना महत्त्वाचा. 'वायरिंग' एवढंच लिहून भागत नाही. 'थ्री फेज मोटारीला स्टार्टर जोडला, मेगरने इन्सुलेशन तपासलं' असं लिहा. दोन महिन्यांनी वर स्क्रोल केलंत आणि नुसतं 'पाइप ओढले, सामान आणलं' दिसलं, तर पॅनल आणि मोटारीचं काम अजून हाताखालून गेलंच नाही हे तुम्हाला कळेल. तेव्हा सुपरवायझरला 'साहेब, मला हे काम पण द्या' म्हणायला हातात काहीतरी असतं. शेवटी परीक्षेला बसायचंय ते तुम्हालाच. फोटो काढायचा तर सप्लाय बंद असताना, आणि ग्राहकाचं मीटर-बिल त्यात येऊ देऊ नका.

जादा तास वेगळ्या रकान्यात. कायद्यानुसार अप्रेंटिसशिप ॲडव्हायझरच्या परवानगीशिवाय अप्रेंटिसकडून ओव्हरटाइम करून घेता येत नाही. रजिस्टरमध्ये ८ आणि प्रत्यक्षात ११ असा प्रकार रोजचा झाला, तर त्याच वेळी लिहिलेली तारीखवार नोंदच कामाला येते. नंतर आठवून लिहिलेल्याला कोण विचारतं?

दर शनिवारी शीटची पीडीएफ करा आणि सुपरवायझरला व्हॉट्सॲपवर पाठवा. जमलं तर महिन्यातून एकदा प्रिंटवर सही घ्या.