व्हॅनच्या आतला प्लाय: सात गैरसमज आणि वस्तुस्थिती

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं आणि टेम्पो ट्रॅव्हलरचं किंवा बंद मालवाहू व्हॅनचं फिरतं घर करण्याच्या हौसेला नवं बळ मिळालं. अशा कामात पलंग, ओटा, दिवे, पाण्याची टाकी यांवर भरपूर विचार होतो. पत्रा झाकणारा प्लाय मात्र ओळखीच्या सुताराकडे सोपवला जातो आणि तो घराच्या भिंतीसारखाच ठोकला जातो. पण घराची भिंत एका जागी उभी असते. व्हॅनचा पत्रा तापतो, लांबतो, खड्ड्यांत थरथरतो आणि रात्री आतून ओला होतो. म्हणून इथे एकच कसोटी धरावी: प्लायचा भार सांगाड्यावर हवा, मागे आलेल्या पाण्याला वाट हवी आणि प्रत्येक तुकडा पुन्हा काढता यायला हवा. नेहमीचे गैरसमज याच कसोटीवर तपासू.

गैरसमज १: प्लाय जितका जाड, तितकं काम पक्कं.

वस्तुस्थिती: भिंतीवरचा आणि छताचा प्लाय हे अस्तर आहे. भार पेलणं हे त्याचं काम नाही. ट्रॅव्हलरच्या आकाराच्या गाडीत दोन्ही भिंती आणि छत मिळून साधारण २० चौरस मीटर प्लाय लागतो असं धरू. ६ मिमी प्लायचं वजन ८० किलोच्या आसपास भरतं, १२ मिमीचं दीडशेच्या पुढे जातं. हा जादा भार इंधन खातो, ब्रेकवर ताण देतो आणि छतावर असेल तर वळणावर गाडी अधिक कलते. भिंतींना ६ मिमी आणि छताला ४ मिमी पुरतो. वर टांगायची कपाटं, घडीचं टेबल, सीट बेल्ट यांचे बोल्ट प्लायवर कधीच अवलंबून ठेवू नयेत, ते थेट गाडीच्या सांगाड्यात हवेत.

गैरसमज २: मरीन प्लाय घेतला की पाण्याची चिंता मिटली.

वस्तुस्थिती: दुकानात ‘कमर्शियल’ म्हणून मिळणारा एमआर (ओलावारोधक) आणि त्याच्या वरचा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) हे दोन्ही आयएस ३०३ या मानकात येतात. मरीन प्लायसाठी आयएस ७१० आहे. त्याच्या डिंकाची कसोटी ७२ तास उकळत्या पाण्यात होते. म्हणजे हमी मिळते ती थर न सुटण्याची. लाकूड पाणी पिणारच, आणि पितं ते कापलेल्या कडेतून. म्हणून कापून, भोकं पाडून झाल्यावर आणि बसवण्याआधी प्रत्येक कडेला, प्रत्येक भोकाच्या आतल्या अंगाला पॉलियुरेथेन वॉर्निशचे किंवा इपॉक्सीचे दोन हात द्यावेत. मागची बाजूही रंगवावी, कारण ती पुन्हा दिसणार नाही आणि ओल नेमकी तिथेच येते. कडा नीट बंद केलेला बीडब्ल्यूआर प्लाय भिंतीला चालतो. तळाला मरीनच घ्यावा.

गैरसमज ३: लांब सेल्फ ड्रिलिंग स्क्रू पत्र्यात घुसवला की झालं.

वस्तुस्थिती: सर्वांत जास्त नुकसान या समजुतीने होतं. बाहेरचा पत्रा जेमतेम पाऊण-एक मिलिमीटरचा असतो. लांब स्क्रू तो भेदून बाहेर डोकावतो, किंवा आतून जाणारी वायर सोलतो. सोललेली वायर आधी फ्यूज उडवते, फ्यूज चुकीचा असेल तर आग लावते. शिवाय पातळ पत्र्यात स्क्रूचा धड एक आटाही नीट पकडत नाही. गाडी हादरत राहते, भोक मोठं होतं आणि स्क्रू नुसता फिरू लागतो.

प्लाय पत्र्यावर लावायचाच नसतो, तो सांगाड्याच्या फासळ्यांवर लावायचा असतो. फासळीत रिव्हनट, म्हणजे आतून आटे असलेला रिव्हेट, बसवला की बोल्टला बरेच आटे मिळतात आणि तो कितीही वेळा काढता-घालता येतो. एक भोक कसं पाडायचं ते सविस्तर पाहू. आधी बॅटरीचं टोक सुटं करावं आणि फासळीच्या आत वायर किंवा नळी नाही ना, हे हात घालून पाहावं. सेंटर पंचने खूण करावी, नाहीतर ड्रिल रंगावरून घसरतं. बिटला टेप गुंडाळून खोलीची मर्यादा ठरवावी. ६ मिमी बोल्टच्या रिव्हनटला साधारण ९ मिमीचं भोक लागतं, ते लहान बिटपासून वाढवत न्यावं. कड कानशीने घासावी, लोखंडाचा कीस व्हॅक्यूमने पूर्ण उचलावा, कारण राहिलेला कण पहिल्याच पावसात गंजाचा डाग होतो. मग उघड्या धातूला झिंक प्रायमर लावून तो वाळल्यावरच रिव्हनट आवळावा.

गैरसमज ४: सगळा प्लाय चिकटवून टाकला तर स्क्रूची कटकटच नको.

वस्तुस्थिती: सुताराचा पांढरा गोंद त्यातलं पाणी लाकडात मुरल्यावर धरतो. पत्र्यात पाणी मुरत नाही, म्हणून तिथे तो कामाचा नाही. उन्हात तापलेल्या छतावर साधा रबर अढेसिव्ह मऊ पडतो आणि प्लाय मधोमध लोंबू लागतो. लवचीक पॉलियुरेथेन सीलंट मात्र धरतो, इतका की काढताना प्लायच फुटतो. दिव्याची वायर तुटली किंवा छतातून पाणी झिरपलं, तर मग अख्खी भिंत फोडावी लागते. म्हणून चिकटवायचंच असेल तर सीलंट फासळी आणि तिच्यावरची लाकडी पट्टी यांच्यामध्ये वापरावा, प्लाय त्या पट्टीवर स्क्रूने बसवावा.

गैरसमज ५: प्लाय गच्च बसला की आवाज येत नाही.

वस्तुस्थिती: उलट, करकर गच्च बसवल्यामुळेच होते. तापमान ४० अंशांनी वाढलं तर एक मीटर पोलाद जवळपास अर्धा मिलिमीटर लांबतं. प्लाय उष्णतेपेक्षा दमटपणाने फुगतो. दोघांची चाल वेगळी असल्यामुळे प्रत्येक सांध्यात २-३ मिमी फट ठेवावी आणि ती बीडिंगने झाकावी. प्लायमधलं भोक स्क्रूपेक्षा थोडं मोठं असावं, त्यावर वॉशर द्यावा. प्लाय फासळीला टेकतो तिथे फेल्टची पट्टी लावली की लाकूड आणि धातू एकमेकांवर घासत नाहीत.

सनमायकाचंही असंच आहे. पातळ प्लायच्या एकाच बाजूला तो लावला तर दोन बाजू वेगवेगळी ओल घेतात आणि प्लाय वाकतो. मागच्या बाजूलाही स्वस्तातला लॅमिनेट हवा.

गैरसमज ६: मागची पोकळी स्प्रे फोमने ठासून भरावी.

वस्तुस्थिती: झोपलेल्या दोन माणसांच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात साधारण अर्धा लिटर पाणी हवेत जातं. हवा २५ अंशांची आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर २१ अंशांच्या आसपासच्या पत्र्यावर दव धरतं. कोकणातल्या पावसाळी रात्री हे सहज घडतं. गाडी बनवणाऱ्याने दारांच्या आणि फासळ्यांच्या तळाशी निचऱ्याची भोकं ठेवलेली असतात. फोमने ती बुजली की पाणी आतच साचतं आणि पत्रा आतून बाहेर गंजत येतो. डब्यातला फोम फुगताना पातळ पत्र्याला फुगवटाही आणू शकतो. पत्र्याला घट्ट चिकटणारी नायट्राइल रबराची शीट लावावी, भोकं मोकळी ठेवावीत आणि छतात हवा खेळवणारा पंखा बसवावा.

गैरसमज ७: आतलं काम आहे, आरटीओचा काय संबंध?

वस्तुस्थिती: मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. नुसतं अस्तर बदलणं वेगळं, पण आसनं काढली, पलंग बसवले, रिकाम्या गाडीचं वजन वाढलं, की प्रमाणपत्रावरचा तपशीलच बदलतो. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस १२४ हे वेगळं मानक आहे. म्हणून पहिला पत्रा उघडण्याआधी आरटीओत विचारावं. गॅसची शेगडी ठेवणार असाल तर तिच्याजवळ आयएस ५५०९ चा अग्निरोधक प्लाय घ्यावा.

शेवटचा प्लाय लावण्याआधी दोन कामं आवर्जून करा. उघड्या भिंतीचे मोजपट्टी धरून फोटो काढा, म्हणजे कोणती वायर कुठून गेली हे पुढे कळेल. आणि गाडी धुण्याच्या ठिकाणी नेऊन छत, खिडक्या, दारांचे रबर यांवर दहा मिनिटं पाणी सोडा, आत बसून टॉर्चने प्रत्येक कोपरा पाहा. गळती प्लाय लागण्याआधी सापडली तर सीलंटच्या एका नळीत काम भागतं. प्लाय लागल्यावर ती लाकूड काळं पडेपर्यंत कळत नाही.