सुपारी दिली, तमाशा झाला नाही; मग पैसे कोणाचे?

जत्रा महिन्यावर आली की गावातील पंचमंडळी दोन गोष्टींच्या मागे लागतात. एक वर्गणी आणि दुसरा तमाशा. वर्गणी घरटी गोळा होते. पालखी, मांडव, रोषणाई, कुस्त्यांचा इनाम आणि फडाची सुपारी, सगळे तीतूनच भागवायचे असते. फड ठरला, की सुपारीतील काही रक्कम इसार म्हणून लगेच हातावर ठेवली जाते. बाकीची कार्यक्रमाच्या दिवशी. एवढे झाले की जो तो आपल्या कामाला लागतो. पण ऐन जत्रेच्या रात्री वळवाचा पाऊस कोसळला, फडातली नाचणारी मुलगी तापाने फणफणली, किंवा परवाना नाही म्हणून पोलिसांनी ध्वनिक्षेपक बंद केला, तर त्या इसाराचे काय करायचे? हा प्रश्न सुपारी देताना कोणी विचारत नाही. शुभ कामात अपशकुन नको, अशी आपली समजूत. आणि मग देवाच्या दारातच हमरीतुमरी होते.

पुणे-नाशिक रस्त्यावर, जुन्नर तालुक्यात नारायणगाव आहे. विठाबाईंच्या नावाला कायमचे जोडले गेलेले हे गाव तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाते. चैत्रातल्या जत्रांच्या आधी फडमालक येथे राहुट्या टाकतात. प्रत्येक राहुटीवर फडाच्या नावाची पाटी. गावोगावचे पंच येतात, या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, घासाघीस करतात आणि तारीख बांधून घेतात. बैलबाजारात जसे दात पाहून, चालवून पाहून मग सौदा ठरतो, तसाच हा सौदा. फरक एवढाच, की येथे माल हाती येत नाही, फक्त शब्द मिळतो. ज्या जत्रेला जास्त गर्दी, तिची तारीख महाग. पाडवा, हनुमान जयंती या दिवसांच्या तारखांवर फडांची अर्धी मदार असते, कारण हंगाम दसऱ्याला सुरू होत असला तरी खरी कमाई या दीडदोन महिन्यांतच होते.

ऊसतोडीची उचल आपल्या वाचकांना माहीतच आहे. फडातही तेच चालते. हंगाम सुरू होण्यापूर्वी फडमालक नाचणाऱ्या, ढोलकीवाला, सोंगाड्या, तंबू ठोकणारे गडी या सर्वांना उचल देतो. त्यासाठी तो स्वतः कर्ज काढतो, पुष्कळदा सावकाराचे. गावाने दिलेला इसार त्याच्या पेटीत पडून राहत नाही. तो ट्रकच्या डिझेलमध्ये, किराण्यात आणि व्याजात त्याच आठवड्यात मुरतो. म्हणून जत्रा रद्द झाली आणि पंचांनी इसार परत मागितला, तर फडमालक 'देतो, देतो' म्हणत राहतो. तो लबाडच असतो असे नाही. त्याच्याजवळ ते पैसे उरलेले नसतात. उलट पंचांनाही घरटी वर्गणीचा हिशेब चावडीवर द्यायचा असतो. दोन्ही बाजूंना अडचणीतली माणसे, असा हा पेच आहे.

२०२० साली तो पेच एकाच दिवशी सगळ्या महाराष्ट्रावर आला. त्या वर्षी २५ मार्चला गुढीपाडवा होता, आणि करोनाची देशव्यापी टाळेबंदीही त्याच दिवसापासून सुरू झाली. ठरलेल्या जत्रा गेल्या, तमाशे गेले. पुढच्या वर्षी, २०२१ साली, चैत्र आला तोच निर्बंध घेऊन. 'या वर्षीचा इसार पुढच्या वर्षी वळता करू' हा गावाकडचा नेहमीचा तोडगा. तो शहाणपणाचा आहे, पण एका वर्षापुरता. लागोपाठ दोन हंगाम बुडाले की तोही लंगडा पडतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. गंमत अशी, की आपल्या करारांच्या कायद्यात हा प्रश्न आधीच सोडवून ठेवलेला आहे, आणि तोही गाणारीचे उदाहरण देऊन. हा कायदा १८७२ सालचा. त्याच्या ५६ व्या कलमात म्हटले आहे, की करार केल्यानंतर ते काम करणेच अशक्य झाले किंवा बेकायदा ठरले, तर करार तेथेच संपतो. त्यापुढचे ६५ वे कलम सांगते, की असा करार संपला म्हणजे ज्याने त्यापोटी काही घेतले असेल त्याने ते परत करावे, अथवा त्याची भरपाई द्यावी. या कलमाखाली दिलेले एक उदाहरण असे: एकाने जलशात गाण्यासाठी एक हजार रुपये आगाऊ घेतले, आणि आजारी पडल्यामुळे त्याला गाता आले नाही. जलसा भरवणाऱ्याला झाला असता तो नफा गाणाऱ्याने भरून द्यायचा नाही. मात्र आगाऊ घेतलेले हजार रुपये परत द्यायचे. दुसरे उदाहरण नाटकगृहात आठवड्याला दोन रात्री गाणाऱ्या बाईचे आहे. सहाव्या रात्री ती मुद्दाम आलीच नाही, म्हणून मालकाने करार मोडला. तरीही ती ज्या पाच रात्री गायली त्यांचे पैसे त्याने दिलेच पाहिजेत.

दीडशे वर्षांपूर्वीचे हे शब्द आजच्या जत्रेला चपखल बसतात. टाळेबंदीने तमाशा झाला नाही, तर दोष कोणाचाच नाही. इसार परत करायचा, पण 'आमची जत्रा फिकी पडली, त्याची नुकसानभरपाई द्या' असे गावाने म्हणायचे नाही. गण-गवळण झाली, वग निम्म्यावर आला आणि पावसाने मांडव उडाला, तर झालेल्या कार्यक्रमाचा मोबदला फडाला मिळायला हवा. रात्री तमाशा झाला आणि दुसऱ्या दिवशीची हजेरी झाली नाही, तर हजेरीपुरताच हिशेब करावा.

ज्या साहेबांनी हा कायदा आपल्याला दिला, त्यांच्या घरी मात्र निराळाच न्याय होता. १९०२ सालच्या २६ जूनला लंडनमध्ये सातव्या एडवर्ड राजाचा राज्याभिषेक व्हायचा होता. मिरवणूक पाहण्यासाठी लोकांनी रस्त्यावरच्या खोल्या भाड्याने घेतल्या. दोन दिवस आधी राजाच्या पोटावर शस्त्रक्रिया झाली, आणि समारंभ ऑगस्टवर गेला. मिरवणूकच नाही, तर भाडे कसले? एका गृहस्थाने सुमारे १४१ पौंड ठरवून १०० पौंड आधी दिले होते. ते त्याने परत मागितले. १९०४ साली कोर्टाने निकाल दिला, की दिलेले शंभर तर मिळणार नाहीतच, उरलेलेही भरा, कारण मिरवणूक रद्द होण्यापूर्वीच ते देय झाले होते. हा न्याय इंग्लंडमध्ये १९४२ सालापर्यंत टिकला. तोवर आपल्याकडचा शेतकरी, निदान कागदावर तरी, लंडनच्या सावकारापेक्षा बऱ्या स्थितीत होता म्हणायचे!

पण एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. करारातच जर स्पष्ट लिहिले असेल, की अमुक कारणाने कार्यक्रम रद्द झाल्यास तमुक व्हावे, तर कोर्ट आधी तो मजकूर पाहते. ६५ वे कलम त्यानंतर. म्हणून सही करण्यापूर्वी खालचा बारीक मजकूर वाचायचा असतो.

आणि हीच गोष्ट आपल्या घरातल्या बायाबापड्यांना आता लागू पडते. पूर्वी कलाकार म्हणजे फडातले, जत्रा भरवणारे आपण. आता पारडे फिरले आहे. गावातल्या बचत गटाच्या बायका पापड, मसाले, गोधड्या घेऊन, पालघरकडच्या वारली चित्रकार मुली चित्रे घेऊन, कोल्हापूरकडचे कारागीर चपला घेऊन शहरातल्या प्रदर्शनांत जातात. तेथे आपण कलाकार, आणि जत्रा भरवणारा दुसराच कोणी. सरकारने भरवलेल्या सरस प्रदर्शनांची गोष्ट वेगळी आहे. तेथे निवड गटाच्या यंत्रणेमार्फत होते. प्रश्न येतो तो खासगी प्रदर्शनांत. कोणी एक जण शहरातले मैदान किंवा कार्यालय चार दिवस भाड्याने घेतो, त्यात गाळे आखतो, आणि गाळ्यामागे भाडे व वर अनामत गोळा करतो. अर्जाच्या तळाशी एक ओळ असते: 'भरलेली रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.'

ही ओळ सगळ्या जगात आहे. अमेरिकेत रस्त्यांवर चित्रांच्या जत्रा भरतात. चित्रकार आपापले तंबू ठोकून बसतात. तेथे अर्जाची फी वेगळी आणि जागेचे भाडे वेगळे. अर्जाची फी परत मिळत नाही, निवड झाली नाही तरी. ऊन पडो वा पाऊस, जत्रा भरणारच आणि भाडे लागणारच, असाही पुष्कळ ठिकाणी नियम. २०२० साली हाँगकाँगचे आर्ट बाझल हे धनवंतांचे चित्रप्रदर्शन करोनामुळे रद्द झाले, तेव्हा भरवणाऱ्यांनी गाळाभाड्याचे ७५ टक्के परत केले आणि २५ टक्के ठेवून घेतले. मैदानाचा, जाहिरातीचा खर्च त्यांचाही झाला होता. मला हा व्यवहार वाजवी वाटतो. रक्कम किती ठेवली आणि कशापोटी ठेवली, हे निदान उघड तरी झाले.

प्रदर्शन भरवणाऱ्यानेच प्रदर्शन रद्द केले आणि 'रक्कम परत नाही' या ओळीकडे बोट दाखवले, तर? येथे एक जुना खटला सांगण्याजोगा आहे, कारण तो बटाट्याचा आहे. १९४७ साली मौला बक्ष नावाच्या ठेकेदाराने उत्तर प्रदेशात लष्कराला बटाटे पुरवण्याचा ठेका घेतला आणि दहा हजार रुपये अनामत भरली. कोंबड्या, अंडी व मासे पुरवण्याच्या दुसऱ्या ठेक्यापोटी आणखी साडेआठ हजार. त्याच्याकडून माल वेळेवर गेला नाही. सरकारने ठेके रद्द करून सगळी अनामत जप्त केली. कागदावर तशी अट होतीच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६९ साली न्यायालयाने सांगितले, की नुकसान झाले असेल तर ते किती झाले हे सरकारने दाखवायला हवे होते. बटाटे, अंडी बाजारातून कितीला घ्यावी लागली याचा पुरावा देता आला असता, तो दिला नाही. तेव्हा अनामत परत करा. कायद्याच्या ७४ व्या कलमाचा हा अर्थ, की दंडाची रक्कम करारात लिहिली म्हणून ती सगळी घशात घालता येत नाही. वाजवी नुकसानीपुरतीच मिळते. चूक केलेल्या ठेकेदाराला जर अनामत परत मिळते, तर काहीही चूक नसलेल्या बचत गटाने का गप्प बसावे?

मात्र त्याच निकालात न्यायालयाने इसार आणि अनामत यांत फरक केला. सौदा पक्का झाल्याची खूण म्हणून दिलेला वाजवी इसार, देणाऱ्यानेच माघार घेतली तर, बुडू शकतो. जमिनीच्या व्यवहारात आपण हे पाहतो. म्हणून पावतीवर रक्कम 'इसार', 'अनामत' की 'भाडे', काय म्हणून लिहिली आहे, ते पाहावे. एका शब्दाने पुष्कळ फरक पडतो.

तिसरा प्रकार दोषाचा. ध्वनिक्षेपकाचा परवाना, मैदानाची परवानगी, वीजजोडणी ही कामे कोणाकडे होती? रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. वर्षातील ठरावीक दिवसच सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. पंचांनी परवाना काढायचा होता, काढला नाही, आणि फड रंगमंच बांधून बसला. तर तो दैवाचा घाला नव्हे, गावाची चूक. तेव्हा फडाला आपले नुकसान मागता येते. फड दुसऱ्या गावची मोठी सुपारी मिळाली म्हणून आलाच नाही, तर हेच उलट.

यासाठी वकिलाचा लांबलचक मसुदा लागत नाही. एका कागदावर तारीख, ठिकाण, कार्यक्रम किती वेळचा, एकूण रक्कम, आगाऊ किती व बाकी केव्हा, परवाने कोण काढणार, एवढे लिहावे. त्याखाली: 'पाऊस, साथ अथवा सरकारी आदेश यामुळे कार्यक्रम झाला नाही तर आगाऊ रकमेतून प्रवासाचा प्रत्यक्ष खर्च वजा करून बाकी इतक्या दिवसांत परत द्यावी, किंवा दोघांच्या संमतीने पुढील तारखेस वळती करावी.' खर्चाची कमाल मर्यादा आकड्यात लिहावी, नाहीतर डिझेलचा हिशेब रबरासारखा ताणला जातो. जत्रा समिती बहुधा नोंदलेली नसते, म्हणून दोनतीन जबाबदार माणसांनी स्वतःच्या नावाने सही करावी. कोर्टात दाखवण्याची वेळ येईल असे वाटत असेल तर योग्य मुद्रांकावर लिहावा. रक्कम रोख न देता बँकेतून द्यावी, आणि बचत गटाची असेल तर पावती गटाच्या नावाने घ्यावी, अध्यक्षबाईंच्या यजमानांच्या नावाने नव्हे. हे शेवटचे मुद्दाम लिहिले आहे.

तरीही पैसे अडकले, तर आधी लेखी पत्र पोचपावतीच्या टपालाने पाठवावे. अशा रकमेसाठी दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत करावा लागतो. 'आज देतो, उद्या देतो' यात ती निघून जातात. दाव्याच्या आधीही प्रकरण लोकअदालतीत नेता येते. तेथे तडजोड झाली तर तिला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकेच बळ असते, आणि तिच्यावर अपील नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. स्त्रियांना, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तेथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. फडात नाचणारी बाई असो की गोधड्या विकणारी, दोघींनाही हा हक्क आहे. फोनवर विचारायचे तर १५१०० हा विधी सेवेचा क्रमांक आहे. जाताना पावती, पत्राची पोच आणि कराराचा कागद बरोबर न्यावा.