किंमत : एक पेसेटा

१९८० च्या आसपास स्पेनमध्ये एका पेसेटात कॉफीचा घोटही मिळत नव्हता. बँक मात्र मिळत होती! बुडीत बँकेचे शेअर कित्येकदा नाममात्र एका पेसेटाला ताब्यात घ्यायचे, आतली घाण उपसायची आणि उरलेली बँक एखाद्या धडधाकट बँकेच्या गळ्यात बांधायची. १९७८ मध्ये यासाठी काढलेल्या संस्थेला लोक चक्क ‘बँकांचं इस्पितळ’ म्हणत. खर्च निम्मा मध्यवर्ती बँकेचा, निम्मा खासगी बँकांचा. काही वर्षांत देशातल्या सुमारे ११० बँकांपैकी निम्म्याहून जास्त आजारी पडल्या.

आणि या खासगी बँकांच्या संघटनेचा अध्यक्ष कोण? राफाएल तेर्मेस. खुल्या बाजारावर याची श्रद्धा जवळजवळ देवावर होती तितकीच, आणि देवावर तर भलतीच होती. १९१८ साली बार्सिलोनाजवळच्या सिट्जेस या समुद्रकाठच्या गावी जन्म, शिक्षण इंजिनिअरिंगचं, आणि १९४० पासून ‘ओपस देई’ या कॅथलिक संघटनेचा सदस्य. १९५५ मध्ये तो बँको पॉप्युलरच्या संचालक मंडळावर आला, १९६६ मध्ये कारभार त्याच्या हाती आला. शिवाय बार्सिलोनाच्या ‘इएसे’ या व्यवस्थापन संस्थेत तो वित्तशास्त्र शिकवायचा.

आता त्याचा धंदा कसा होता बघा. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत व्याजाचा दर सरकार ठरवी. नवी शाखा काढायची तर परवानगी. म्हणजे पैशाच्या दुकानात मालाची किंमत वरून छापून आलेली! पण बाजार म्हणजे पाणीच, फट दिसली की झिरपतो. बड्या ठेवीदाराला हळूच, कायद्यातल्या कमाल दराच्या वर चार दाणे जास्त टाकले जात. या चोरट्या व्याजाला स्पॅनिशमध्ये नावही पडलं : ‘एक्स्त्रातिपो’. छोट्या ठेवीदाराच्या नशिबी अर्थातच छापील दर. नियंत्रणाचा फायदा गरिबाला होतो असं मानणाऱ्यांनी हा शब्द जिभेवर घोळवून पाहावा.

१९७४ मध्ये शाखांवरचं बंधन सैल झालं, १९७७ पासून व्याजदरही सुटू लागले, आणि त्याच वर्षी तेर्मेस खासगी बँकांच्या त्या नव्या संघटनेचा अध्यक्ष झाला. नेमकी तेव्हाच तेलाच्या भावाच्या भडक्यानं पोळलेली कारखानदारी आपल्या बँकांना घेऊन बुडायला लागली. फेब्रुवारी १९८३ मध्ये तर सरकारनं रुमासा हा अख्खा समूह, डझनाहून जास्त बँकांसकट, जप्त केला. समोर समाजवादी मंत्री आणि संपाच्या तयारीतल्या कर्मचारी संघटना, मागे एकमेकांवर डोळा ठेवून असलेले बँकमालक. मध्ये हा. अशा काळात, १९८६ मध्ये, माणूस पुस्तक काढतो ते जोखमीच्या सर्जक ताकदीवर! याला धाडस म्हणावं की विनोदबुद्धी, मला अजून ठरवता आलेलं नाही.

व्याजदर पूर्ण मोकळे झाले १९८७ मध्ये. १९९० मध्ये त्यानं अध्यक्षपद सोडलं, १९९२ मध्ये भांडवलशाहीच्या मुळाशी माणसाची कोणती कल्पना आहे यावर जाडजूड ग्रंथ लिहिला, आणि २००५ मध्ये तो गेला.

त्याची बँको पॉप्युलर त्या सगळ्या पडझडीत ताठ उभी राहिली होती. पुढे तिनं घरबांधणीच्या कर्जांत हात भाजून घेतले. ७ जून २०१७ रोजी ती सांतांदेर बँकेनं विकत घेतली. पेसेटा तोवर इतिहासजमा झाला होता, म्हणून व्यवहार युरोत झाला.

एक युरो.