'अल्पसंख्याक शिष्यवृत्ती' शोधली की गूगल जुनी पानं का दाखवतं?

शाळा-कॉलेज सुरू झालं की आपल्या घराघरांत मोबाईलवर एकच शोध सुरू होतो: 'अल्पसंख्याक शिष्यवृत्ती'. गूगल क्षणात ढीगभर पानं समोर ठेवतं, पण त्यातली कित्येक शिळी असतात. केंद्र सरकारने २०२२ मध्ये प्री-मॅट्रिक शिष्यवृत्तीतून पहिली ते आठवीची मुलं वगळली आणि ती नववी-दहावीपुरती ठेवली. मौलाना आझाद फेलोशिप बंद होत असल्याचंही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेत सांगण्यात आलं. तरी 'असा भरा फॉर्म' सांगणारी जुनी पानं अजून तशीच पडून आहेत. मग अम्मी कागदपत्रांची फाईल घेऊन सायबर कॅफेत जाते आणि योजनाच नाही, हे तिथे कळतं.

असं का होतं? कोणतं पान वर आणायचं हे ठरवताना त्या पानाकडे इतर किती साईट बोट दाखवतात, हे गूगल सुरुवातीपासून मोजत आलं आहे. आता त्यात इतरही शेकडो गोष्टी मिसळल्या आहेत, पण जुन्या पानाकडे बोटं जास्त जमलेली असतात. त्यात मराठीची आणखी एक गोची आहे. अनेक जुनी सरकारी परिपत्रकं स्कॅन केलेली असतात किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली. आपल्या डोळ्यांना ते मराठी दिसतं, मशीनला मात्र इंग्रजी अक्षरांची खिचडी. हा दोष गूगलचा नाही, हेही सांगायला हवं.

जाहिरातींचं मात्र तसं नाही. पैसे भरलेला एजंट सरकारी साईटच्याही वर बसू शकतो. गंमत म्हणजे जाहिरातीवर चालणारं सर्च इंजिन जाहिरातदाराकडे झुकणारच, असं गूगलच्या दोन्ही संस्थापकांनी १९९८ च्या आपल्या शोधनिबंधातच लिहून ठेवलं होतं!

आम्हाला वाटतं, दोन गोष्टी तरी व्हायला हव्यात. योजनेच्या पानावर तारीख ठळक दिसावी आणि बंद योजनेवर 'बंद' असं लिहून यावं. सरकारी अर्जाच्या शोधात जाहिरात सरकारी साईटच्या खाली असावी.

तोवर आपणच थोडी काळजी घेऊ. शोधशब्दांपुढे इंग्रजीत 'साइट', त्याला चिकटून दोन टिंबं आणि लगेच 'जीओव्ही डॉट इन' टाईप करा, म्हणजे फक्त केंद्र आणि राज्य सरकारच्या साईट येतील. 'टूल्स'मध्ये जाऊन 'गेलं वर्ष' निवडलं की बरीच जुनी पानं गळतात. 'स्पॉन्सर्ड' लिहिलेलं दिसलं की ती जाहिरात समजा. हजच्या अर्जालाही हेच लागू: हज कमिटी ऑफ इंडियाची स्वतःची साईट आणि 'हज सुविधा' ॲप सोडून कमिटीच्या कोट्याचा फॉर्म कुठे भरू नका. आणि सर्चमध्ये सापडलेल्या 'कस्टमर केअर' नंबरवर फोन करून पैसे गेलेच, तर त्याच घडीला १९३० वर तक्रार करा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणं अवघड.