लिनायटिस प्लास्टिका

जठराच्या कर्करोगाचा एक विरळ प्रकार. यात गाठ किंवा व्रण पुष्कळदा आढळत नाही. कर्ककोशिका जठराच्या भित्तीत सुट्या सुट्या पसरतात व त्यांच्याभोवती तंत्वात्मक ऊतक (समान रचनेच्या कोशिकांचा समूह) वाढते. त्यामुळे भित्ती जाड व ताठर होऊन जठर चामड्याच्या बुधल्यासारखे दिसते. विल्यम ब्रिंटन या इंग्रज वैद्यांनी १८५९ मध्ये हे नाव रूढ केले. ग्रीक ‘लिनॉन’ म्हणजे जवसाच्या तंतूंचे कापड. कापलेली भित्ती तशी विणल्यासारखी दिसते. नावातील शोथदर्शक (दाहयुक्त सूज दर्शविणारा) प्रत्यय मात्र दिशाभूल करणारा आहे. लॉरेन यांच्या १९६५ च्या वर्गीकरणात हा रोग विसरित प्रकारात मोडतो.

आखडलेले जठर ताणले जात नसल्याने थोड्या घासांतच पोट भरल्यासारखे वाटते. मळमळ, अपचन व वजन घटणे ही इतर लक्षणे होत. ती साध्या अजीर्णासारखी असल्याने रोगी उशिरा वैद्याकडे येतो.

निदानातील खरी अडचण त्यापुढची आहे. कोशिका श्लेष्मकलेच्या (आतील बुळबुळीत अस्तराच्या) खाली पसरत असल्यामुळे वरचे अस्तर जवळजवळ प्राकृत दिसू शकते. जठरदर्शकाच्या चिमट्याने घेतलेले तुकडे उथळ असतात व त्यांत कर्ककोशिका पुष्कळदा सापडत नाहीत. म्हणून जीवोतक परीक्षा नकारात्मक आली, तरी तेवढ्यावरून हा रोग नाही असे म्हणता येत नाही. हवा भरूनही न फुगणारे जठर व जाड, ताठ वळ्या या खुणा अशा वेळी अधिक बोलक्या ठरतात. बेरियम देऊन घेतलेल्या क्ष-किरण चित्रात जठर अरुंद व क्रमसंकोचरहित दिसते. संशय असल्यास एकाच जागी पुन्हा पुन्हा चिमटा लावून खोल तुकडे घेतात. अंतर्दर्शकाला जोडलेल्या श्राव्यातीत ध्वनियंत्राने भित्तीतील कोणता थर जाडावला आहे ते कळते. सूक्ष्मदर्शकाखाली, श्लेष्म्याने फुगून केंद्रक कडेला सरकलेल्या मुद्रिकाकार कोशिका आढळतात. स्तनाच्या खंडिकीय कर्करोगाचे जठरातील प्रक्षेप हुबेहूब असेच दिसतात. स्त्री-रोग्यांत पूर्वीच्या स्तनरोगाची चौकशी त्यासाठीच आवश्यक असते.

पर्युदरातील (उदरपोकळीच्या अस्तरातील) सूक्ष्म प्रसार सीटी चित्रणात निसटू शकतो. तो उदरदर्शकाने शोधतात. प्रसार नसेल तर रासायनी चिकित्सेच्या जोडीने संपूर्ण जठर काढतात.

विसरित जठर-कर्करोग काही कुटुंबांत आनुवंशिक असतो. न्यूझीलंडमधील माओरी कुटुंबांच्या अभ्यासातून १९९८ मध्ये सीडीएच-१ या जीनातील दोष उघडकीस आला. दोषवाहक व्यक्तींना रोग दिसण्यापूर्वीच जठर काढून टाकण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो.