दामोदर : एक नदी, तीन सरकारे

छोटा नागपूरच्या डोंगरात उगम पावणारी दामोदर बंगालच्या सपाटीवरून हुगळीला मिळते. तिला ‘बंगालचे दुःख’ म्हणत. १९४३च्या जुलैत बर्दवानजवळ तिचा काठबांध फुटला. ग्रँड ट्रंक रोड आणि लोहमार्ग दोन्ही तुटले आणि ऐन महायुद्धात कलकत्त्याची वाहतूक कित्येक आठवडे विस्कळीत झाली.

पूर बंगालात येई, पण तो अडवायच्या जागा होत्या बिहारात. १९३५च्या कायद्याने पाटबंधारे हा प्रांतांचा विषय होता. बिहारची गावे बुडवून बंगालची शेते वाचवायची, तर ते कुठल्या एका प्रांताच्या पाटबंधारे खात्याला जमणारे नव्हते. बंगाल सरकारने नेमलेल्या पूर चौकशी समितीत शास्त्रज्ञ मेघनाद साहा होते. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्यासारखे एकच प्राधिकरण इथेही हवे, असा विचार याच काळात पुढे आला.

त्याला शासकीय रूप देण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे, आणि तो आपल्याकडे अजून पुरेसा सांगितला जात नाही. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. पाटबंधारे आणि वीज हे विषय त्याच खात्याकडे येत. त्यांच्या कारकिर्दीत १९४४मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ आणि १९४५मध्ये जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग स्थापन झाला. अ. ना. खोसला अध्यक्ष असलेला हा आयोग म्हणजे आजच्या केंद्रीय जल आयोगाचा पूर्वज. टेनेसीहून आलेले अभियंता व्हूर्डुइन यांनी वीज मंडळासाठी खोऱ्याचा प्राथमिक आराखडा केला. १९४५च्या जानेवारीत आणि ऑगस्टमध्ये कलकत्त्यात केंद्र, बंगाल आणि बिहारचे प्रतिनिधी आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली एकत्र बसले. पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांचा विचार एकत्रच व्हावा, ही भूमिका तिथे ठरली.

खरे कौशल्य दिसते ते खर्चाच्या वाटणीत. १९४८च्या दामोदर खोरे महामंडळ कायद्यात विजेचा भांडवली खर्च तिन्ही सरकारांनी समान उचलायचा ठरला. सिंचनाच्या सामाईक कामांचा खर्च दोन्ही राज्यांनी हमीने उचलायच्या पाण्याच्या प्रमाणात वाटला. पूरनियंत्रणाचा खर्च १४ कोटी रुपयांपर्यंत केंद्र आणि पश्चिम बंगाल यांनी निम्मा-निम्मा द्यायचा आणि त्यापुढचा सगळा पश्चिम बंगालने सोसायचा. पुराचे संकट ज्याचे, अधिकचा भार त्याचा! असा रोखठोक हिशेब आधी झाला, म्हणूनच ७ जुलै १९४८ रोजी स्वतंत्र भारताचे पहिले बहुउद्देशीय नदीखोरे महामंडळ अस्तित्वात आले.

तिलैया (१९५३), कोनार (१९५५), मैथन (१९५७) आणि पंचेत (१९५९) ही चार धरणे उभी राहिली. मूळ आराखड्यातली बाकीची धरणे मात्र महामंडळाने बांधली नाहीत. मैथन आणि पंचेतच्या जलाशयांसाठी लागणारी सगळी जमीनही ताब्यात आली नाही, त्यामुळे पूर सामावून घेण्याची योजलेली क्षमता पूर्ण वापरता आली नाही. जी जमीन बुडाली, तिच्यावरची संथाळ आणि इतर कुटुंबे विस्थापित झाली. त्यांच्या वाट्याला आलेला तोटा खर्चाच्या त्या चोख वाटणीत कुठेच नव्हता, आणि या योजनेतली ही सर्वांत मोठी उणीव आहे.

बिहारच्या जागी आता झारखंड आहे. मैथन-पंचेतमधून किती पाणी सोडायचे, हे केंद्रीय जल आयोगाच्या अखत्यारीतील समिती ठरवते. दामोदरवरचे तेनुघाट धरण मात्र बिहार सरकारने वेगळे बांधले होते. ते आज झारखंडकडे आहे, महामंडळाकडे नाही.